रमजान परत येईल, आपण?

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं. म्हणून रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१४ साली तो जुलैत, पावसाळ्यात होता. २०३० साली तो थंडीत दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. २०१४ च्या तारखांना तो परत यायला २०४७ उजाडेल.

हा हिशेब मांडताना मी दचकलो. साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात हा फेरा जेमतेम दोनदा पुरा होतो. २०१४ साली आपल्यासोबत इफ्तारला बसलेले कितीतरी जण आज कब्रस्तानात आहेत. त्यांत सगळेच म्हातारे नव्हते.

उन्हाळ्यात भेगाळलेलं रान पहिल्या पावसानंतर हिरवं होतं. मेलेली जमीन जिवंत करणारा अल्लाह माणसालाही पुन्हा उठवेल, असं कुरआन वारंवार सांगतो. मला यात दिलासा वाटतो आणि धाकही, कारण उठल्यावर जाब द्यायचा आहे.

मित्रांनो, राहिलेले रोजे आपण मोजून ठेवतो, ते योग्यच आहे. पण बहिणीचा न दिलेला हिस्सा, थकवलेली उधारी, भावाशी धरलेला अबोला यांचं काय? 'पुढच्या रमजानला बघू' म्हणू नका. हिश्शाचे कागद याच आठवड्यात काढा. आणि आज मगरिबनंतर त्या भावाला फोन करा.