मोती संपले, बोंबील अजून आहेत



भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावरील पर्यटनाचा विषय निघाला की मागण्या ठरलेल्या असतात. सेल्फी पॉइंट हवा, किनाऱ्यावर दिव्यांच्या माळा हव्यात, जमलंच तर काचेचा पूलही. वसई-भाईंदर रो-रो बोटसेवा 2024 मध्ये सुरू झाली, सुट्टीच्या दिवशी गोराई-उत्तन रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, म्हणजे या मागण्यांना आता आणखी जोर चढणार. त्याआधी बहारीनमधल्या मुहर्रककडे एकदा पाहावं, एवढंच सुचवायचं आहे.

मुहर्रक मोत्यांवर जगलेलं गाव. उन्हाळ्याच्या हंगामात तिथले पाणबुडे नाकाला चिमटा लावून, दगडाच्या वजनाने तळाशी जात आणि दमसास टिकेल तेवढे शिंपले वेचून वर येत. आपल्या नथीतले बसरा मोती ते बहारीनभोवतीच्या आखातातलेच, आणि त्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. जपानचे संवर्धित मोती आले, पाठोपाठ जागतिक मंदी आली आणि धंदा बसला. 1932 मध्ये बहारीनला तेल लागलं, तशी माणसं तिकडे वळली. मागे राहिल्या 17 इमारती, शिंपल्यांची तीन सागरी क्षेत्रं, किनाऱ्याचा एक तुकडा आणि एक किल्ला. 2012 मध्ये हे सगळं जागतिक वारसा यादीत गेलं. व्यापाऱ्याच्या हवेलीबरोबर पाणबुड्याचं साधं घरही त्यात आहे, हे मला विशेष वाटतं. कारण तो बिचारा हंगामामागून हंगाम कर्जातच असायचा.

पण पाणबुडा काही तिथे आता दिसत नाही. उत्तन, पाली, चौकला नाखवा आजही समुद्रात जातो. डोल जाळ्यातले बोंबील किनाऱ्याला लागले की बायका दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवण्याच्या मांडवावर, टाकतात. हात इतका चालतो की बोलणं थांबत नाही. पावसाळ्यात जून-जुलैची मासेमारीबंदी असते, त्याआधी सुकवून ठेवलेल्या मालावरच घराची भिस्त. आणि आपले शहाणे म्हणतात, वास येतो, वलांड्या हलवा! हेच लोक जाताना सुके बोंबील घासाघीस करून नेतात, ते वेगळं.

भाईंदरच्या मिठागरांचीही तीच गत. मिठाचे ढीग लोकलच्या खिडकीतून पाहिलेली पिढी अजून आहे, पण त्या जमिनीकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत आधी टॉवर उभा राहतो.

पाहुण्यांना दाखवायचं तर हे चालू कामच दाखवावं. त्यावर राबणाऱ्या माणसांचं प्रदर्शन मांडू नका, असा आक्षेप कोणी घेईल. रास्त आहे. म्हणूनच काय दाखवायचं, कधी, किती पैसे घेऊन, हे कोळीवाड्यांनी ठरवावं आणि मिळकतही त्यांच्याच हाती जावी. फोटो काढायचा तर विचारून.

धावगी डोंगरावरच्या कचऱ्याबद्दल उत्तनकर वर्षानुवर्षं ओरडत आहेत. तो तसाच ठेवून खाली किनारा सुशोभित करणं म्हणजे पाहुण्यांना आणि गावाला एकदम फसवणं. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, आराखड्यात मासळी सुकवण्याच्या जागा दाखवायच्या असतात. उत्तनच्या किती वलांड्या त्या नकाशावर चढल्या, हे आधी जाहीर करावं. दिव्यांच्या निविदा त्यानंतर काढाव्यात.

— एक वाचक, भाईंदर (पश्चिम)