खोली बघण्याआधी अंगणवाडी बघा

नंदुरबार, नवापूरहून आपली कुटुंबं कामासाठी सुरतला जातात. उधना, लिंबायतला ओळखीचं माणूस आणि कमी भाडं, एवढंच बघून आपण खोली घेतो. कडेवर लेकरू असेल तर आधी तीन गोष्टी विचारा, असं आमचं म्हणणं आहे: पाणी कुठून येतं, अंगणवाडी किती लांब, लस कुठल्या दिवशी. तिकडे त्या दिवसाला ‘ममता दिवस’ म्हणतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. गाव सुटलं म्हणून डोस चुकवू नका. लसीचं कार्ड सोबत न्या. आधार जोडलेल्या रेशनकार्डावर तिथेही धान्य मिळतं. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. भाड्यात वाचलेले पैसे लेकराच्या जुलाबात जाणार असतील, तर ती खोली स्वस्त कशी?