आधीं शब्द, मग सूर

परवां आमच्या हिंगोलीच्या घरीं पुतणीनें ‘कामापुरता मामा’ ह्या चित्रपटांतील लता मंगेशकरांचें गीत सुरेल म्हटलें. आजीबाईंनीं अर्थ विचारतांच मात्र ती गप्प झाली. दोष तिचा नव्हे. आम्हींच तिला केवळ चाल शिकविली होती.

तें गीत लिहिलें यशवंत देवांनीं (१९२६–२०१८) आणि स्वरबद्धही त्यांनींच केलें. ते मुंबई आकाशवाणीवर सुगम संगीताचे निर्माते होते. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, देवांची चाल व अरुण दाते यांचा गळा हा त्रिवेणी संगम तर सर्वांच्या परिचयाचा आहे. गाणाऱ्यानें आधीं शब्दाचा भाव जाणावा, हा आग्रह त्यांनीं ‘शब्दप्रधान गायकी’ ह्या ग्रंथाच्या नांवांतच गोंविला.

हें आम्हांस नवें वाटूं नये. नामदेवांचें जन्मस्थान मानलेलें नरसी आमच्याच जिल्ह्यांत आहे. कीर्तनांत अभंग गातां गातां निरूपण होतें. अर्थास सोडून सूर एकटा चालत नाहीं.

त्या रात्रीं आजीबाईंनीं पुतणीस ओळ न् ओळ समजाविली. सकाळीं तिनें तेंच गीत जरा सावकाश म्हटलें, आणि ऐकणारे स्तब्ध झाले. सुज्ञ मातापितरांनीं मुलांस गाणें शिकविण्यापूर्वीं तें एकवार वाचून दाखवावें, एवढीच विनंती.