हाक मारली, तर ऐकणार कोण?

दसरा-दिवाळी उरकली, की आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या भरून माणसं साखर कारखान्यांकडे निघतात. तिसगावच्या आसपासच्या वस्त्यांवर त्या दिवसांत फिरलं, तर बाजेवर बसलेली म्हातारी माणसं, शाळेतली एक-दोन नातवंडं आणि ज्यांना ऊस तोडणं जमत नाही अशी अपंग माणसं, एवढीच दिसतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुलगा गेला की सूनही जातेच. पुढचे चार-पाच महिने घरात कुणी पडलं-झडलं, तर धावून येणारं माणूसच नसतं.

मैत्रिणींनो, हे सांगायचं कारण म्हणजे हल्ली ज्येष्ठांसाठी निघालेली नवनवी उपकरणं. गळ्यात घालायचं बटण, पडलं की आपोआप फोन लावणारं घड्याळ. वस्तू चांगल्या आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्या बनवताना कुणाचं घर डोळ्यांपुढे होतं, हे विचारायला नको का?

कल्पना तशी जुनी. १९७० च्या दशकात जर्मनीत आणि अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी अशी बटणं निघाली. बटण दाबलं की घरच्या टेलिफोनवरून मदत केंद्रात वर्दी जायची. पुढे इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्यांचा एक अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात निम्म्याहून जास्त जण पडले होते. त्यातले बरेच तासभर किंवा जास्त वेळ जमिनीवरच पडून राहिले. आणि घरात धोक्याचं बटण असूनही, एकटे असताना पडलेल्या आणि उठता न आलेल्या शंभरातल्या ऐंशी जणांनी ते दाबलंच नाही! कुणाच्या अंगावर ते नव्हतं, कुणाला त्या क्षणी सुचलं नाही, कुणाला दुसऱ्याला त्रास द्यायचा नव्हता.

हे शेवटचं कारण वाचून मला आमच्या वस्तीवरच्या एक आजीच आठवल्या. ‘आजी, रात्री दुखायला लागलं तर हाक का मारली नाही?’ असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘कशाला बाई कुणाला तरास? लोकं दिवसभर दमून आलेली.’ केंब्रिज काय नि तिसगाव काय, म्हातारपणाचा संकोच सगळीकडे सारखाच.

मग आपल्याकडच्या माणसाला चालेल असं उपकरण कसं असावं? आधी ती माणसं कशी राहतात ते बघावं लागेल. पुरुषांच्या कोपरीला खिसा असतो, नऊवारीला कुठला? आजीचा फोन पिशवीत, पिशवी खुंटीला, नाहीतर फोन चार्जिंगला लावलेला. पाय घसरतो तो न्हाणीत, नाहीतर पहाटे परसाकडे जाताना. म्हणजे जिथं माणूस पडतं, तिथं फोन नसतोच. म्हणून वस्तू अंगावर राहणारी हवी, पाण्यानं न बिघडणारी हवी, आणि भारनियमनाच्या गावात रोज चार्जिंग मागणारी नको. ज्याला दिसत नाही त्याला बटण बोटांना चाचपून कळलं पाहिजे. ज्याला ऐकू येत नाही त्याला निरोप पोचल्याचं थरथरून किंवा दिवा लागून समजलं पाहिजे. हात कापणाऱ्यानं तीनदा झटपट दाबायचं कसं? आणि चुकून दाबलं गेलं, तर कुणी खेकसता कामा नये. एकदा बोलणी खाल्ली, की ते माणूस पुन्हा बटणाला हात लावत नाही.

सगळ्यांत मोठा प्रश्न, वर्दी जायची कुणाकडे? जाहिरातीतलं घड्याळ मुलाला फोन लावतं. आमच्याकडचा मुलगा त्या वेळी दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतो. तो येणार कधी? पहिली वर्दी शेजारच्या घरात गेली पाहिजे. मुलाला नंतर.

सरकारनं काही केलंच नाही, असं नाही. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं, की संकटाचा फोन लागण्याची सोय सक्तीची झाली. किती जणींना हे ठाऊक होतं? राज्यात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, ११२ हा क्रमांक २०२१ पासून. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे, पण ती सल्ल्यासाठी आणि आधारासाठी. आपल्या जिल्ह्यात गावोगाव ग्राम सुरक्षा यंत्रणाही सुरू झाली. एकानं फोन करून संकट सांगितलं, की त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. चोर, बिबट्या, आग यासाठी ती नावाजली. मला तिच्यातलं आवडतं ते हे, की साध्या फोनवर चालते आणि जवळच्या माणसांना उठवते. पण पडलेल्या माणसानं आधी फोन लावायचा, ही अडचण इथंही आहेच. मुक्या माणसाचं काय, हाही प्रश्न उरतोच.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी, असं म्हटलंय. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याखाली राज्यानं २०१० मध्ये नियम केले. त्यांत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवायची आहे, आणि महिन्यातून एकदा भेटही द्यायची आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांवर दिव्यांग आणि कोटीवर ज्येष्ठ होते. त्यातली आपल्या गावची नावं त्या याद्यांत आहेत का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

तोवर काय करायचं? बाजारात बॅटरीवर चालणारी बिनतारी दारघंटी मिळते. तिचं बटण न्हाणीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवायचं, कारण पडलेल्याचा हात तिथवरच जातो. घंटी शेजारच्या घरात. पाणी लागणार नाही अशी बेतानं बसवायची, आणि मधल्या भिंतींतून ऐकू येतं की नाही, हे आधी वाजवून बघायचं. घंटीला नेटवर्क लागत नाही, रिचार्ज लागत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवून आजींकडूनच वाजवून घ्यायची. घंटी चालते ते कळतं, आणि आजींचा संकोचही मोडतो.

आजवर घराघरातली ही यंत्रणा म्हणजे सुनेचा, लेकीचा कान. स्वयंपाक करता करता सासऱ्यांच्या खोकल्याकडेही तिचं लक्ष असतं. या कामाची मोजदाद कुठंच झाली नाही, म्हणून ती कोयत्याबरोबर निघून गेल्यावर काय रिकामं झालं, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा गाड्या भरायच्या आधीच्या ग्रामसभेत बायांनीच उठून विचारावं. मागं कोण-कोण राहणार, त्यांची यादी कुठंय? त्यांच्या शेजारचं घर कोणतं? आणि रात्री घंटी वाजली, तर उठणार कोण? ही नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घेतल्याशिवाय सभेतून उठू नका.