शटर की दार?

गेल्या दिवाळीत मंगळवेढ्याला घरी गेलो, तर अण्णांची स्कूटर बाहेर उन्हात. "आत का नाही लावली?" विचारलं, तर अण्णा पेपरमध्ये डोकं घालून बसले. आईनेच सांगितलं, "शटर उचलत नाही त्यांना. दोन महिने झाले, ज्वारीची पोतीसुद्धा आतच अडकलीत. मी रोज दुकानातून दोन-दोन किलो आणतेय."

ज्वारीच्या कोठारात राहून ज्वारी विकत!

घर बांधताना "पुढेमागे दुकानाला भाड्याने देता येईल" म्हणून रस्त्याकडच्या खोलीला शटर बसवलं होतं. दुकान काही आलं नाही. तिथे स्कूटर, पोती आणि मी गेलो की माझी गाडी. आपल्याकडे निम्म्या घरांची हीच कथा.

शटर हलकं वाटतं ते वरच्या शाफ्टवरच्या स्प्रिंगांमुळे. शटर खाली ओढताना स्प्रिंगला पीळ बसतो आणि उचलताना तोच पीळ आपल्या मदतीला येतो. स्प्रिंग थकली की सगळं वजन उचलणाऱ्याच्या कमरेवर आणि खांद्यावर. तेही जमिनीपर्यंत वाकून! अण्णा ७६ वर्षांचे आहेत.

सगळ्यांनी सल्ले दिले. स्प्रिंग बदला, मोटर बसवा. स्प्रिंग बदलली असती तर आणखी काही वर्षं निघालीही असती. पण वाकणं काही सुटलं नसतं. मोटरही वाईट नाही, पण वीज गेली की पुन्हा साखळी ओढा.

माझं मत स्पष्ट आहे. घराचं दार घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला उघडता आलं पाहिजे. शटर दुकानाला शोभतं. तिथे सकाळी उचलणारा तरणा पोऱ्या असतो.

शेवटी शटर काढलं आणि बिजागऱ्यांची दोन पानी दारं लावली. करून बघणाऱ्यांसाठी, जे शिकलो ते सांगतो. शटरचं वजन वर शाफ्टवर असतं, दाराचं बाजूच्या भिंतीवर येतं. म्हणून शटरच्या जुन्या पट्टीवर दार टांगू नका. काँक्रीटच्या खांबात पक्की बसवलेली लोखंडी चौकट हवी. आमची जागा आठ फूट रुंद. पाच फुटांच्या पानाला सोळा गेजचा पत्रा आणि पाइपची चौकट धरून वजन पाऊणशे किलोच्या आसपास जातं. तीन दणकट बिजागऱ्या लागतातच. शिवाय खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे तिरका पाइप, नाहीतर वर्षभरात दार जमिनीला घासायला लागतं.

दुसरं पान मुद्दाम तीन फुटांचंच ठेवलं. कल्पना जुन्या वाड्यांची. मोठ्या दरवाजाला रोजच्या येण्याजाण्यासाठी छोटी दिंडी असायची ना, तशी.

वाड्याची दारं आत उघडायची, कारण आतून अडसर लावायचा असे. आमच्याकडे आत उघडलं असतं तर गाडीला धडकलं असतं. म्हणून बाहेर. पण बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्याही बाहेर येतात, तेव्हा त्यांच्या खिळी वेल्डिंग करून घ्या. वाऱ्याने आपटू नये म्हणून भिंतीला आकडेही हवेतच. आणि दार आपल्याच जागेत उघडलं पाहिजे. आमच्याकडे पुढे सहा फूट मोकळी जागा आहे. नसती तर मी हा हट्ट धरला नसता. आपल्या सोयीसाठी रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर दार उघडणं मला पटत नाही.

काम चालू असताना अण्णा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं उघडली. आणि त्यांच्याच गावात मला माझं उघडता येईना."

हसण्यासारखं होतं. मला हसू आलं नाही. दोन महिने त्यांनी फोनवर एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि मीही "सगळं ठीक ना?" एवढंच विचारत होतो.

असो. परवा आईचा फोन आला. "आज सकाळपासून तीनदा दार उघडून झालं यांचं. काम काही नाही!"

तुमच्या गावाकडच्या घराला शटर आहे का? पुढच्या वेळी गेलात की ते कोण उचलतं, तेवढं बघा.