गावकऱ्यांच्या खोलीचे दप्तर

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड आणि वरळी या कापडगिरण्यांच्या परिसरात, कोकणातील गावांनी चाळींमधून सामाईकपणे धरलेली 'गावकऱ्यांची खोली' ही परवडणाऱ्या सामुदायिक निवाऱ्याची महाराष्ट्रातील एक जुनी व्यवस्था आहे. इमारत चाळमालकाची किंवा सरकारची असली, तरी खोलीची वहिवाट एखाद्या कुटुंबाकडे नसून गावाच्या, वाडीच्या किंवा भावकीच्या मंडळाकडे असे. नोकरीसाठी आलेला चाकरमानी महिन्याची वर्गणी भरून तेथे ट्रंक आणि वळकटी ठेवी, दिवसपाळीचे कामगार रात्री आणि रातपाळीचे दिवसा झोपत, आणि जेवण खानावळीत होई.

या व्यवस्थेचे नियम बहुतांशी तोंडी होते, ही अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब होय. गावदेवीजवळच्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेला 1915 पासून नोंदणी, उपविधी आणि सभासदांची यादी आहे; गावकऱ्यांच्या खोलीची भाडेपावती मात्र पुष्कळदा एकाच विश्वासू गावकऱ्याच्या नावे असे, आणि नवख्याला कोणाच्या शब्दावर जागा द्यावी, बेकाराची वर्गणी किती काळ थांबवावी, गावी परतलेल्याचा हक्क उरतो की नाही, हे सारे बैठकीत ठरून तिथेच राही. आज जुन्या चाळींचा आणि सरकारी बीडीडी चाळींचा पुनर्विकास होत असताना पात्रता कागदावरील नावाने ठरते. अशा वेळी मौखिक इतिहास, म्हणजे अनुभव घेतलेल्या व्यक्तीची पद्धतशीरपणे ध्वनिमुद्रित करून जतन केलेली साक्ष, हेच या व्यवस्थेचे उरलेले दप्तर ठरते, आणि त्याकडे स्मरणरंजन म्हणून पाहणे हा त्या कामगारांवर अन्याय आहे.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी 2004 साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासाने या कामाचा भक्कम पाया घातला आहे. त्याला आता गावाकडच्या बाजूची जोड हवी, कारण बोलणारे पुष्कळ जण सिंधुदुर्गात परतले आहेत. हा जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि पुढच्याच जानेवारीच्या 18 तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यामुळे जिल्हा होण्याआधीच्या कागदपत्रांत मालवण, देवगड किंवा कणकवलीचा कामगार 'रत्नागिरीचा' म्हणूनच आढळतो, हे नोंदी लावताना विसरता येणार नाही. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे.

मुलाखत मालवणीत व्हावी आणि लिखित उताऱ्यातही मालवणीच राहावी; प्रमाण मराठीत रूपांतर करताना हिशेबाचे, नात्याचे आणि भांडणाचे शब्द गळतात, आणि हक्काची व्याख्या नेमकी त्याच शब्दांत असते. खोलीत कोण राहत होते याच्या जोडीला कोणाला प्रवेश नव्हता, हेही विचारले पाहिजे: मंडळे गावाप्रमाणे तशीच जातीप्रमाणेही विभागलेली होती, आणि या खोल्या पुरुषांच्या असल्याने गावी राहून शेती सांभाळणाऱ्या स्त्रियांची, तसेच कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्यांची बाजू वेगळी नोंदवावी लागते. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून याच खानावळवाल्यांना संघटित केले होते. धोबीतलावच्या गोमंतकीय गावांच्या क्लबांशी, ज्यांना कोंकणीत 'कूड' म्हणतात, तुलना केल्यास सामाईक वहिवाटीचे आणखी काही पैलू उजेडात येतील.

संमतीचा प्रश्न येथे दुहेरी आहे: आवाजावर हक्क बोलणाऱ्याचा, परंतु वर्गणीच्या वह्या, भाडेपावत्या आणि मंडळाचे ठराव सर्वांचे, म्हणून त्यांच्या छायाप्रतींसाठी मंडळाचीही लेखी संमती घ्यावी आणि मूळ वह्या गावातच राहू द्याव्यात. ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत असंपीडित, म्हणजे आवाजातील काहीही न गाळता साठवलेली, असावी, आणि तिची एक प्रत मुंबईत, एक सिंधुदुर्गनगरीत व एक गावच्या वाचनालयात ठेवावी. गणेशचतुर्थीला मंडळाचे जुने आणि नवे सभासद एकाच वाडीत भेटतात. त्यामुळे संमतिपत्रांचे मसुदे आणि प्रश्नावली श्रावणापूर्वी तयार असणे आवश्यक आहे.