कोणाच्या आधाराने?

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची कल्पना अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून सरकारी कागदावर ठळकपणे आली ती २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत. दरडोई वर्षाला ७,६२० रुपये असा तो हिशेब होता. खर्च पेलत नसेल तर आरंभ स्त्रियांपासून करता येईल, असाही विचार तेथे मांडलेला होता. पुढे ती कल्पना मागे पडली आणि राज्याराज्यांतून, बहुधा निवडणुकीच्या तोंडावर, स्त्रियांच्या खात्यांवर पैसे जमा करण्याच्या योजना आल्या. महाराष्ट्रात २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेने दरमहा १,५०० रुपये देण्यास प्रारंभ केला.

या पैशाला खिरापत म्हणून नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या बाईला मीठमिरचीचे पैसेही मागून घ्यावे लागले, तिला न मागता मिळणाऱ्या दीड हजाराचे मोल आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने ठरवू नये. आमचा आक्षेप वेगळा आहे.

मूलभूत उत्पन्नाचे मर्म ते व्यक्तीस मिळते, कुटुंबास नव्हे, यात आहे. ‘सेवा’ या स्त्री-श्रमिकांच्या संघटनेने २०११ मध्ये मध्य प्रदेशातील काही खेड्यांत जो प्रयोग केला, त्यात प्रौढांना आरंभी दरमहा २०० आणि मुलामागे १०० रुपये दिले गेले. बाईचे पैसे बाईच्या नावे, पुरुषाचे पुरुषाच्या, मुलांचे आईच्या हाती. कोण कोणाची पत्नी, यावर कोणाचा हक्क अडला नाही. आपल्याकडे मात्र पात्रता ठरली कुटुंबाच्या अडीच लाखांच्या मर्यादेवरून. नवऱ्याच्या मिळकतीतला एक पैसाही हाती न येणाऱ्या बाईच्या माथी ती सारी मिळकत मारली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली तेव्हा तिच्या आधार क्रमांकाबरोबर पतीचा किंवा वडिलांचाही मागण्यात आला. विधवांना मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांना न्यायालयाचा आदेश देण्याची सोय मागाहून झाली. परंतु परित्यक्तेने काय द्यावे? नवऱ्याने टाकले याचा दाखला कोणता तलाठी देतो? योजनेच्या शासन निर्णयात पात्र स्त्रियांच्या यादीत ‘परित्यक्ता’ हा शब्द आहे. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली होती, तिच्यामागच्या चळवळीने हा शब्द सरकारदरबारी पोहोचविला असे मानावे, तर अर्जाच्या खिडकीशी पुन्हा नवराच उभा!

दुसरा प्रश्न श्रमाचा. २०२४ च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. खात्यावर पैसे आल्याने ही मिनिटे हलत नाहीत. किंबहुना ‘घरी बसून मिळते आहे, मग बाहेर कशाला?’ असे घरातूनच ऐकविले जाईल, ही आपल्या काही भगिनींची भीती निराधार नाही. पण त्यावर उपाय पैसे नाकारणे हा नव्हे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्यापूर्वी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या बायकांचे नाव हजेरीपटावर स्वतःचे म्हणून लागले होते. कामावर पाळणाघर असावे हे हमीच्या योजनेत होते. प्रत्यक्षात पुष्कळदा झाडाला बांधलेली झोळीच पाळणाघर झाली. तरी हक्काची मजुरी आणि मूल सांभाळण्याची सोय या गोष्टी एकत्र मागायच्या असतात, ही समज तेव्हा होती. आज रोख रक्कम तेवढी उरली आणि बाकीचे विसरले गेले.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. पात्रता बाईच्या स्वतःच्या उत्पन्नावरून ठरावी, ओळख तिच्या एकटीच्या आधारावर पुरी व्हावी, आणि या पैशाच्या नावाखाली अंगणवाडी व पाळणाघरांच्या तरतुदीला कात्री लागू नये. पतीचा आधार नाही म्हणून आपल्या तालुक्यात किती जणींचे अर्ज अडले, त्यांची गाववार नोंद कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन करावी. ती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.